तीन धाग्यांचं वजन

मी वजन बोलतोय. पाच किलोचं, ओतीव लोखंडाचं, सहा कोनांचं. व्याकरणाच्या पुस्तकात मी 'ते वजन' आहे हे मला ठाऊक आहे. पण उभा जन्म पुरुषांच्या हातांतून फिरलो, त्यामुळे 'बोलतोय' असंच तोंडात बसलंय. चालवून घ्या.

माझ्या नावावर तुम्ही माणसांनी पुष्कळ काही खपवलं आहे. अमक्याच्या शब्दाला वजन आहे म्हणता, तमका वजनदार आहे म्हणता, कचेरीत कागद हलत नसला की त्यावर वजन ठेवायला सांगता. मी कधी कुणाच्या कागदावर बसलो नाही. आधी तराजूत बसलो आणि मग मागावर लटकलो. या दोन्ही जागी जे पाहिलं ते सांगायचं आहे. खरं तर नासीरबद्दल सांगायचं आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला मला माझ्यापासून सुरुवात करावी लागेल.

भट्टीतलं फारसं आठवत नाही. लाल होतो, वाहत होतो, मग साच्यात पडलो आणि गार झालो. पाच किलोला थोडा कमी भरलो म्हणून पोटात भोक पाडून त्यात शिसं भरलं आणि वर सरकारी शिक्का मारला. तेव्हापासून मी शब्दाचा पक्का.

शिंदखेड्याला भंवरलालशेठांच्या किराणा दुकानात माझी अठरा वर्षं गेली. दर दोन वर्षांनी वजनमाप खात्याचा माणूस येई, मला आपल्या वजनाशी ताडून बघे आणि नवा शिक्का ठोके. इतर वजनांत मी जरा ताठच असायचो, हे कबूल करतो. शेठ ज्वारी जोखताना काटा थांबेपर्यंत ओठ मिटून उभे राहत. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणत, "काटा निजू द्या हो. जागा काटा खोटं बोलतो."

मी ते मनावर घेतलं. बरोबर असणं म्हणजे न हलणं, एवढीच माझी जगाबद्दलची समजूत होती.

मग शेठांच्या मुलाने, अखिलने, इलेक्ट्रॉनिक काटा आणला. लाल आकडे दाखवणारा. मला एका दुपारी उचलून मागच्या दाराला टेकवलं, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. चार वर्षं मी त्या दाराला पाठ लावून बसलो. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागायचो आणि शिव्या खायचो.

नासीरची आणि माझी ओळख अशीच झाली. त्याच्या अंगठ्याला मी लागलो. नासीर धुळ्याचा विणकर. बायको मुमताज शिंदखेड्याची, म्हणून तो सासुरवाडीला आला होता आणि चहापत्ती घ्यायला दुकानात शिरला होता. अंगठा चोळत खाली वाकला आणि शिवी द्यायच्या ऐवजी त्याने मला उचललं. दोन्ही हातांत एकदा वरखाली केलं.

"शेठ, हे पाच किलो राहिलं नाही," तो म्हणाला. "चाळीस ग्राम कमी आहे."

"हातानेच ग्राम सांगता का, नासीरभाई?" शेठ हसले. तरी त्यांनी मला इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. आकडा आला चार किलो नऊशे साठ.

शेठांनी माझ्याकडे पाहिलं, मग नासीरच्या हातांकडे. मला लाज वाटली. इतक्या वर्षांचा खरेपणा, आणि दाराशी घासून घासून चाळीस ग्राम कधी गेले ते मलाच कळलं नव्हतं. शेठ म्हणाले, "मागाला चालत असेल तर घेऊन जा. माझ्याकडे हे दाराशीच बसणार."

एसटीने धुळ्याला आलो, नासीरच्या मांडीवर, भाजीच्या पिशवीत. मुमताज शेजारी बसली होती. "लोक सासुरवाडीहून लोणचं आणतात," ती म्हणाली, "आणि तुम्ही लोखंड." नासीर नुसता हसला.

नासीरची पत्र्याची शेड होती आणि तीत दोन यंत्रमाग. एकावर तो स्वतः, दुसऱ्यावर झुलाल. झुलाल जवळच्या खेड्यातून रोज सायकलवर यायचा, वीस वर्षं येत होता. तो खान्देशीच बोलायचा; नासीरच्या घरचे आपसांत त्यांच्या वळणाची उर्दू बोलायचे आणि बाहेरच्यांशी मराठी. मी सगळं ऐकत जुना झालोय. थोडं जसंच्या तसं सांगेन, बाकीचं माझ्या मराठीत.

माझं काम समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मागाच्या पाठीमागे एक जाड रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. त्यावर हजारो उभे धागे गुंडाळलेले असतात. पुढे कापड विणलं जातं तसा बीम फिरत धागा सोडतो. तो भसाभस सुटू नये म्हणून बीमच्या टोकाला दोराचे वेढे देऊन तो दोर एका दांड्याला बांधतात आणि दांड्यावर वजन लटकवतात. ते मी. मी ओढून धरतो, म्हणून धाग्यांत ताण राहतो. ताण कमी पडला तर कापड पोकळ होतं आणि जास्त झाला तर धागा तुटतो.

दांड्यावर एकोणीस खाचा आहेत. नवा बीम चढतो तेव्हा मी सगळ्यात बाहेरच्या खाचेत असतो. बीम बारीक होत जातो तसा माझा तोच ओढा धाग्यांना जास्त जाचतो, म्हणून मला एकेक खाच आत सरकवायचं. एकोणिसावी खाच आली की बीम संपत आला. महिन्याभराचा हा प्रवास, लांबी हातभर.

पहिल्या दिवशी माग सुरू झाला आणि मला वाटलं आपलं काही खरं नाही. खडखडाट, खालून वरून हादरे, आडवा धागा नेणारा धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकला जातोय. मी काटा निजायची वाट बघत राहिलो. संध्याकाळ झाली तरी तो निजला नाही. त्यावर पुन्हा विजेचा दाब वरखाली व्हायचा, दुपारच्या कोरड्या हवेत सूत कडक व्हायचं, मध्येच धाग्यात गाठ यायची, रस्त्याने ट्रक जायचा. झुलालला तंबाखूची शिंक आली तर तिचाही हिसका मला कळायचा. ताण सदा हेलकावे खात असे.

आणि नासीर काय करत असे? मागाच्या पाठीमागे यायचा, बोटांची उलटी बाजू धाग्यांवर अलगद टेकवायचा, मान किंचित कलती करायचा आणि निघून जायचा. ताण वाढलाय हे मला कळतंय, त्यालाही कळतंय, आणि हा बाबा बशीत चहा ओततोय! पहिला महिनाभर मी त्याच्यावर चिडून होतो. मग हळूहळू ध्यानात आलं. दहापैकी नऊ वेळा ताण आपला आपण परत यायचा. दहाव्या वेळी यायचा नाही, आणि नेमका तेव्हा नासीर उठायचा. मला एक खाच आत ढकलायचा आणि परत जाऊन बसायचा. दिवसाआड एकदा. त्याच्या कापडाला कुणी नाव ठेवल्याचं मी ऐकलं नाही.

त्याची मुलगी नाजमीन शेडच्या उंबऱ्यावर पाटी घेऊन वाढली. खडखडाटातच तिची गणितं सुटत. ती शिकत गेली, शिकत गेली आणि जळगावला विद्यापीठात संशोधन करायला लागली. एका सुट्टीत आली तेव्हा नासीरने विचारलं, "तू शिकतेस काय, ते एकदा सांग तरी."

नाजमीनने शुद्ध मराठीत सांगितलं, "यादृच्छिक प्रणालींचं नियंत्रण आणि स्थिरीकरण."

नासीरने बशी खाली ठेवली. "याद? किसकी याद?"

"बघा," मुमताज आतून म्हणाली. "निकाहाचं वय झालं, आणि ही जळगावात बसून कुणाची तरी याद शिकतेय."

नाजमीन हसून हसून बेजार झाली. "अम्मी, यात याद नाहीच. उलट ज्याला मागचं काही याद राहत नाही, ते हे. आत्ता वीज वर गेली. पुढच्या क्षणी खाली येईल की आणखी वर जाईल, ते विजेलाही माहीत नाही. अशा बेभरवशाच्या गोष्टींना ताळ्यावर कसं ठेवायचं, त्याचं गणित."

"मंग मन्ही शिंक बी तीच शे का?" झुलालने विचारलं.

"हो नाना, पक्की यादृच्छिक."

तेव्हापासून शेडमध्ये हा शब्दच रूढ झाला. वीज गेली की झुलाल म्हणायचा, "बिजलीले याद उनी," म्हणजे विजेला याद आली. आणि दोघं म्हातारे खुदखुदायचे. नाजमीनच्या विद्यापीठात हा अर्थ कुणाला चालला नसता, पण आमच्याकडे चालला.

आता जे सांगायचं ते जड जातंय.

नासीरला साखरेचा आजार होता, बरीच वर्षं. तो गोळ्या घ्यायचा आणि विसरायचा. एका उन्हाळ्यात पत्र्याच्या भेगेतून ऊन येऊन मी चांगलाच तापलो होतो. नासीरने मला पकडलं आणि तसंच धरून ठेवलं. चटका बसून हात मागे जायला हवा होता, तो गेला नाही. नंतर तळव्यावर फोड आला, तेव्हा तो फोडाकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत बसला. माझे चाळीस ग्राम ओळखणारी ती बोटं बधिर झाली होती.

त्याने कुणाला सांगितलं नाही. पूर्वीसारखाच येऊन बोटं धाग्यांवर टेकवायचा, पण त्यांना काही कळत नसे. मग तो घाबरायचा आणि मला सरकवायचा. एक खाच आत. पुन्हा यायचा, पुन्हा काही कळायचं नाही, मग एक खाच बाहेर. ज्याने मला दिवसाआड एकदा हात लावला, तो दिवसातून चाळीस चाळीस वेळा लावू लागला. मी हललो की ताण बिघडे, ताण बिघडला की धागे तुटत, धागे तुटले की तो आणखी घाबरे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, नासीर, थांब. पण लोखंडाचा आवाज कुणाला ऐकू जातो?

मग त्याने गाल लावायला सुरुवात केली. बोटांना कळत नाही तर गालाला कळेल म्हणून. चालू मागाच्या मागे गुडघे टेकून तो आपला गाल धाग्यांवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. त्याच्या दाढीचे केस पळत्या सुतात अडकतील म्हणून मी जीव मुठीत धरून लटकत असे.

दाढी अडकली नाही, पण एके सकाळी खांद्यावरचा रुमाल दातेरी चाकात गेला. चाकाने रुमाल ओढला, रुमालाने नासीरची मान. झुलालने उडी मारून माग फिरवणारा पट्टा पाडला. माग थांबला तेव्हा नासीरचा चेहरा चाकापासून वीतभर लांब होता.

"काय व्हयनं? काय करी ऱ्हायंतास तथा?" तिथे मागे काय करत होतास, असं झुलाल विचारत होता. नासीर मानेभोवतीचा रुमाल सोडवत राहिला.

मुमताज धावत आली. तिने रुमालाची चिंधी पाहिली, नवऱ्याच्या मानेवरचा वळ पाहिला. ती रडली नाही, ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "हा बीम संपला की माग विकायचे. दोन्ही." 

तेव्हा मी सहाव्या खाचेत होतो. माझ्यापुढे तेरा खाचा उरल्या होत्या आणि नासीरपुढेही तेवढ्याच. तो चौदाव्या वर्षापासून मागावर उभा होता. शुक्रवारी शेड बंद असायची, तर दुपारची नमाज झाली की तो उगाच येऊन कुलूप काढायचा, तेलाचा डबा हलवून बघायचा आणि परत जायचा. हा माणूस घरी बसून काय करणार, या विचाराने मला कसंसंच व्हायचं.

त्याच आठवड्यात नाजमीन घरी आली. तिने बापाचा चेहरा हातात धरून उजेडाकडे वळवला.

"अब्बा, गालावर हे काय?"

"उशीचा वळ."

"उशीला इतके सरळ दोरे कुठून आले?"

नासीरने चेहरा सोडवून घेतला. नाजमीन शेडमध्ये आली आणि मागाच्या पाठीमागे कितीतरी वेळ उभी राहिली. मग आईला म्हणाली, "अम्मी, हा बीम संपेपर्यंत मला वेळ दे. नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

दहा दिवसांनी ती जळगावहून एक खोकं घेऊन आली. धाग्यांखाली ताण मोजणारा एक बारीक रूळ बसवला, दांड्यावर मळसूत्र बसवलं आणि त्याला एक छोटी मोटर. रूळ ताण मोजणार, खोकं हिशेब करणार आणि मोटर मला जागेवर नेणार. खाचांची गरजच नाही. "गालाचं काम हे करेल, अब्बा," ती म्हणाली. "आता तुम्ही लांब खुर्चीवर बसायचं."

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. माग सुरू झाला आणि मोटरने मला इकडून तिकडे, तिकडून इकडे नाचवायला घेतलं. वीज किंचित वर गेली, मी आत. खाली आली, मी बाहेर. ट्रक गेला, मी आत. झुलाल शिंकला, त्यावरही मी धावलो. खोकं ताण वाढलेला बघायचं आणि मला सरकवायचं, तोवर तो हेलकावा आपला आपण सरलेला असायचा. मग माझ्याच सरकण्याने नवा हेलकावा उठायचा आणि खोकं त्याच्यामागे धावायचं. दुपारपर्यंत एकतीस धागे तुटले. कापडावर दाट-विरळ, दाट-विरळ असे पट्टे उठले.

नासीरने उठून बटण बंद केलं. 

"गणित बरोबर आहे, अब्बा." नाजमीनने वही उघडून त्याच्यापुढे धरली. "मी तीन वेळा तपासलंय."

झुलाल तुटलेले धागे सांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पोरी, हाई यंत्र बी तुन्हा बापसारखंच घाबरेल शे."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. नाजमीनने बापाकडे पाहिलं. नासीर स्टुलावर बसला, हात मांडीवर उताणे ठेवून.

"खरं बोलतोय झुलालभाऊ," तो म्हणाला. "माझ्या बोटांना काही कळत नाही, बेटा. वर्ष झालं. कळत नाही म्हणून हलवत बसतो. हात स्वस्थ राहतच नाही."

पहिल्यांदाच त्याने ते तोंडाने म्हटलं होतं. नाजमीन त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याची बोटं आपल्या हातात घेतली.  झुलाल उगाचच तेलाचा डबा शोधत बाहेर गेला.

मग तिने विचारलं, "आधी कसं करायचात? बोटं चांगली होती तेव्हा?"

"कुछ नहीं करता था."

"काही न करणं कसं ठरवायचात? ताण वाढलेला कळायचा ना?"

"कळायचा. पण वाढलेला ताण दोन जातीचा असतो. एक येतो आणि जातो, त्याला जाऊ द्यायचं. दुसरा बीम बारीक झाल्यामुळे येतो, तो राहायला आलेला असतो. तो राहायला आलाय याची खात्री पटली की उठायचं."

"आणि तोवर धागा तुटला तर?"

"तुटू दे. धागा सांधता येतो. वजन उगाच हललं तर कापड तासभर रुसतं, त्याचा पट्टा कुणाला सांधता येत नाही."

"किती धागे तुटले तर चालतील? एकदा वजन हलवणं टाळायला?"

असा प्रश्न नासीरला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलवत काहीतरी जुनं आठवत राहिला.

"तीन," तो म्हणाला.

"नक्की?"

"दोन नाही, चार नाही. तीन."

नाजमीन पटकन उठली आणि वहीवर वाकली. लिहिता लिहिता स्वतःशीच बोलत होती, "माझ्या गणितात हात लावणं फुकट होतं. फुकट होतं, म्हणून ते सारखं हात लावत होतं."

त्या रात्रीच्या तिच्या आकडेमोडीतलं मला फार कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने नासीरला कागदावर जे दाखवलं ते कळलं. दोन आडव्या रेघा होत्या आणि मध्ये ताणाची वेडीवाकडी नागमोडी. रेघ ताणाच्या आताच्या हेलकाव्याला लावायची नाही, आधी हेलकावे गाळून खाली उरणारी खरी चाल काढायची आणि ती रेघेला टेकली तरच हात लावायचा. मध्ये असेल तोवर काही करायचं नाही. टेकली तरीही अगदी मधोमध आणायचं नाही, नुसतं रेघेच्या आत घ्यायचं. दोन रेघांमध्ये किती अंतर ठेवायचं, ते त्या तीन धाग्यांवरून निघालं. तो आकडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

नासीर कागद पाहत राहिला. "हे तर माझंच आहे," तो म्हणाला.

"तुमचंच आहे. मला उशिरा दिसलं."

ती मोटर जोडायला लागली तेव्हा मात्र त्याने अडवलं. "ही काढ. हातांना कळत नाही, पण ढकलता अजून येतं. तू मला फक्त सांग, कधी."

म्हणून मोटर गेली आणि खांबावर एक छोटा पिवळा दिवा आला. नाजमीनने अट घातली, "दिवा लागल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही. आणि गाल तर कधीच नाही." नासीरने मान डोलावली. मला परत खाचेत बसवलं, तेराव्या.

सकाळी माग सुरू झाला. नासीर स्टुलावर, नाजमीन खोक्यापाशी, झुलाल आपल्या मागावर पण अर्धं लक्ष इकडे. तासाभरात एक धागा तुटला. झुलालने सांधला. नासीर उठला, बसला. वीज खालीवर झाली, ताण वाढला. दुसरा धागा तुटला. नासीर पुन्हा उठला.

"हात खिसामा ठेव, नासीरभाई," झुलाल म्हणाला.

नासीरला ऐकू आलं नसावं. तो मागे आला आणि त्याने मला धरलं. मुमताज पिठाचे हात घेऊन दारात उभी होती, कधी आली कुणास ठाऊक. दिवा बंद होता. नाजमीन बापाकडे बघतच नव्हती, दिव्याकडे बघत होती. ती एक शब्द बोलली असती तरी त्याने ऐकलं असतं, पण ती बोलली नाही. नासीरच्या तळव्याची पकड घट्ट होत होती. त्याला मी लागत नव्हतो, पण मला तो लागत होता. चव्वेचाळीस वर्षांचं काम त्या एका पकडीत होतं, आणि मी पाच किलोचा असून मला काही करता येत नव्हतं.

त्याने एकेक बोट सोडवलं. हात पाठीमागे बांधले आणि तिथेच उभा राहिला.

ताण उतरला. आपला आपण.

नासीरच्या तोंडून "या अल्लाह" एवढंच निघालं. झुलालने मागावर थाप मारली. मुमताजने डोळे पुसले, त्यामुळे चेहऱ्याला पीठ लागलं, आणि ती आत निघून गेली.

दिवा दुपारच्या नमाजनंतर लागला. नासीर उठला, मला एक खाच आत ढकललं, परत जाऊन बसला. असं त्या दिवसापासून दहा दिवसांत एकूण सहा वेळा झालं. एकोणिसाव्या खाचेत पोचलो, बीम संपला.

मुमताजने त्या दहा दिवसांचं कापड दारातल्या उजेडात पसरलं. वीस हात, पुन्हा वीस हात, ओढून ओढून पाहिलं. ती विणकराच्याच घरातली, तिच्या डोळ्यांतून पट्टा सुटणं शक्य नव्हतं. शेवटी कापडाची घडी घालत, कुणाकडेही न बघता तिने विचारलं, "पुढचं सूत कधी येणार आहे?"

यानंतर नाजमीनची जळगावला तोंडी परीक्षा झाली. तिने घरी सांगितलेलं सांगतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधातल्या एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाकी सगळं सिद्ध केलंय तुम्ही. पण हा तीन कुठून आला?"

"धुळ्याहून, सर," नाजमीन म्हणाली.

नासीरने हे तिच्याकडून चार वेळा ऐकून घेतलं. मग झुलालला सांगायला सायकलवरून त्याच्या गावाला गेला.

बोटं काही बरी झाली नाहीत. होणारही नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय. तुटलेले धागे आता झुलालच सांधतो, आणि ते नासीरला अजूनही लागतं. झुलालच्या मागावरही तसाच दिवा बसलाय. माझा शिक्का पुसला, अंगावर गंज चढला, चाळीसाचे आता साठ ग्राम कमी झाले असतील. कुणी मोजत नाही आणि मलाही त्याचं काही वाटत नाही.

एकच मागणं आहे तुमच्याकडे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, ते माणूस असो की काम, जरा हललं की लगेच हात घालू नका. आणि सोडूनही जाऊ नका. त्या सकाळी नासीर हात पाठीमागे बांधून जवळ उभा होता, तसं उभं राहा. सोपं नाही ते, मी त्याचा तळवा अनुभवलाय.

बरं, दिवा लागला. नासीर उठलाय. एक खाच आत जायचंय मला, येतो.